पहिला सिंथ, पहिलं पेडल: कोऱ्या आवाजापासून सुरुवात

कॅलिफोर्नियातल्या ॲनहाइमचं नॅम आणि बर्लिनचं सुपरबूथ ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांची दोन मोठी प्रदर्शनं. ती भरली की पुढचे काही आठवडे नव्या सिंथेसायझरांच्या आणि पेडलांच्या (वाद्याचा आवाज बदलणाऱ्या छोट्या डब्यांच्या) व्हिडिओंचा नुसता पूर येतो. आजवर पेटी किंवा ऑर्केस्ट्रातला कीबोर्ड वाजवणाऱ्याला ते पाहून वाटतं, आपणही एक घेऊन बघावा. जरूर घ्यावा. पण काय घ्यायचं, कशाला काय जोडायचं आणि पहिल्या दिवशी कुठला नॉब फिरवायचा, ते घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सुरुवातीला एकच सिंथ आणि एकच पेडल. आणि सिंथमध्ये भरलेल्या शेकडो तयार आवाजांना हात न लावता, कोऱ्या आवाजापासून स्वतःचा आवाज बांधायचा. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

कीबोर्ड आणि सिंथ

गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टीच्या गाडीवर जो कीबोर्ड असतो, त्यात बासरी, सनई, व्हायोलिन असे टोन तयार भरलेले असतात. बटण दाबा, सनई वाजवा. सिंथेसायझरचं काम वेगळं. त्यात एक ऑसिलेटर अखंड, कच्चा, थोडा कर्कश सूर काढतो. फिल्टर त्यातला काही भाग कापतो. एन्व्हलप तो सूर कधी उठायचा आणि कधी विरायचा ते ठरवतो. रॉबर्ट मूग यांनी 1964 मध्ये अमेरिकेत पहिला मॉड्युलर सिंथ बांधला तेव्हा हे भाग सुटे होते आणि तारांनी जोडावे लागत. 1969 मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये असा एक मूग येऊन पोचला होता. पुढच्याच वर्षी आलेल्या मिनीमूगने हे सगळं एका खोक्यात, ठरलेल्या क्रमाने बसवलं. आजचा हातभर लांबीचा स्वस्त सिंथही तोच क्रम पाळतो, म्हणून एका यंत्रावर शिकलेलं दुसऱ्यावर चालतं.

पायरी 1: पैसे खर्च करण्याआधी

सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन सॉफ्टवेअर सिंथ कॉम्प्युटरवर फुकट मिळतात, आणि फुकट आहेत म्हणून कमी दर्जाचे अजिबात नाहीत. एबलटन कंपनीची सिंथ शिकवणारी एक मोफत वेबसाइट आहे, ती थेट ब्राउझरमध्ये चालते. महिनाभर यांच्यावर खेळा. हार्डवेअर घ्यायचं की नाही, हा प्रश्न तेवढ्यात बहुतेकांचा सुटतो. बऱ्याच जणांना पुढे फक्त एक छोटा मिडी कीबोर्ड (स्वतः आवाज न काढता कॉम्प्युटरला सूचना देणारा) लागतो, तेवढ्यावर त्यांची वर्षं आनंदात जातात.

एक काळजी मात्र घ्या. हेडफोन तारेचाच हवा. ब्लूटूथवर पट्टी दाबल्यानंतर सूर इतक्या उशिरा येतो की लय सांभाळताच येत नाही. विंडोज वापरत असाल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये एएसआयओ (आवाज लवकर पोचवणारा) ड्रायव्हर निवडा आणि बफर, म्हणजे आवाज साठवून पाठवायचा तुकडा, 128 वर ठेवा. 48 किलोहर्ट्झला ही दिरंगाई तीन मिलिसेकंदांच्या आत राहते. बफर 1024 वर असेल तर ती 21 मिलिसेकंदांवर जाते आणि हाताला लगेच कळते.

पायरी 2: कुठला घ्यायचा

नव्या वादकाने एवढंच पाहावं: महत्त्वाच्या प्रत्येक कामाला स्वतंत्र नॉब आहे का? मेनूत शिरून कटऑफ (फिल्टर कुठून कापायला लागेल ती जागा) बदलावा लागत असेल तर तो सिंथ कितीही भारी असो, पहिला म्हणून नको.

कोर्ग कंपनीचा मिनीलॉग 2016 मध्ये आला. तो ॲनालॉग आहे, म्हणजे सूर आकड्यांतून नव्हे, थेट विजेच्या सर्किटातून काढतो, एका वेळी चार सूर वाजवतो, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर वाजणाऱ्या आवाजाची लहर जिवंत दिसते. कटऑफ बंद करत गेलं की करवतीसारखी टोकदार लहर डोळ्यांदेखत गोल होत जाते. कान आणि डोळा एकदम शिकतात, म्हणून माझी पहिली शिफारस हाच. त्याचा धाकटा भाऊ मोनोलॉग एका वेळी एकच सूर काढतो आणि त्याचा एन्व्हलपही साधा आहे. पण त्यात स्वतःचं सप्तक सेंटमध्ये (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) भरून ठेवता येतं. रागसंगीत डोक्यात असलेल्याला ही सोय फार मोलाची आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

आर्टुरिया या फ्रेंच कंपनीचा मायक्रोफ्रीक 2019 चा. त्यात ऑसिलेटर डिजिटल आहे, फिल्टर ॲनालॉग, आणि पट्ट्यांच्या जागी नुसता स्पर्शाचा पत्रा. आवाजांची विविधता प्रचंड आहे, आणि कंपनीने नवे ऑसिलेटर फर्मवेअरमधून (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून) फुकट देणं चालू ठेवलं. त्यात प्रतिध्वनीसारखे इफेक्ट मुळीच नाहीत, त्यामुळे पेडल जोडायला हा उत्तम. बजेट अगदीच कमी असेल तर कोर्गचा व्होल्का कीज किंवा रोलंडचा एस-1 बघा. दोन्ही तळहाताएवढे आहेत, बॅटरीवर चालतात. बोटं मोठी असतील तर एस-1 ची बटणं दुकानात दाबून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

कालच जाहीर झालेलं यंत्र आगाऊ पैसे भरून घेण्याची घाई करू नये. पहिल्या काही महिन्यांत फर्मवेअर कच्चं असतं, अडचणी कळायला वेळ लागतो, आणि भारतात त्याची दुरुस्ती कोण करणार हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. वर्षभर जुनं झालेलं मॉडेल घ्या. सेकंडहँड घेत असाल तर प्रत्येक पट्टी वाजवा, प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, जॅक लावून हलकेच हलवा. खरखर आली तर किंमत कमी करून मागा. अडॅप्टर मूळचा आहे का, हेही विचारा.

पायरी 3: वीज

शिकवणीत हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण यंत्रं जळतात ती इथेच, म्हणून सावकाश वाचा.

अडॅप्टरवर तीन गोष्टी छापलेल्या असतात. व्होल्ट यंत्राला लागतात तेवढेच हवेत, कमी नाही, जास्त नाही. मिलिॲम्प यंत्राच्या गरजेइतके किंवा जास्त चालतात. कमी चालत नाहीत. तिसरी खूण म्हणजे एक गोल, त्यात ठिपका, आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे. गिटारच्या बहुतेक पेडलांना 9 व्होल्ट लागतात आणि मधली पिन उणे. कोर्गच्या बऱ्याच छोट्या सिंथनाही 9 व्होल्टच लागतात, पण मधली पिन अधिक. आकडा एकच, दिशा उलट. मूळ प्लगची जाडी वेगळी असल्याने चूक सहसा टळते, पण बाजारात मिळणारी बदल-पिन लावली की तीही आडकाठी राहत नाही. अडॅप्टर आल्याबरोबर त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून यंत्राचं नाव लिहा.

अमेरिकेहून कुणी नातेवाईक यंत्र आणणार असेल तर अडॅप्टरच्या 'इनपुट' ओळीत 100 ते 240 लिहिलंय का ते फोटो मागवून पाहा. नुसतं 120 असेल तर आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो लावायचा नाही. लाइट जाण्या-येण्याचा भरवसा नसेल तिथे आवडलेला आवाज लगेच सेव्ह करायची सवय ठेवा. सेव्ह न केलेला पॅच, म्हणजे नॉब फिरवून जुळवलेला आवाज, वीज गेली की गेला.

पायरी 4: जोडणी

क्रम असा: सिंथचा आउटपुट पेडलच्या इनपुटमध्ये, पेडलचा आउटपुट ऑडिओ इंटरफेसमध्ये (वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डब्यात) किंवा कीबोर्ड ॲम्पमध्ये. इंटरफेसवर 'लाइन' आणि 'इन्स्ट' असं बटण असेल तर 'लाइन' निवडा.

सिंथचा सिग्नल गिटारपेक्षा बराच तगडा असतो, आणि पेडल तर गिटारसाठी बनवलेलं. म्हणून सिंथचा व्हॉल्यूम आधी शून्यावर आणा, मग हळूहळू पावपर्यंत चढवा. डिले पेडलचा (सूर प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणाऱ्या पेडलचा) आवाज फाटायला लागला की समजा, पुढे जायचं नाही. रेकॉर्डिंगच्या मीटरवर सर्वांत मोठा सूर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिला की पुरेसं आहे.

व्होल्कासारख्या सिंथला फक्त हेडफोनचा छोटा स्टिरिओ जॅक असतो. त्यासाठी एका टोकाला छोटा स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठे मोनो जॅक असलेली केबल घ्या. दोनपैकी एकच पेडलमध्ये लावा, दुसरा मोकळा ठेवा, फक्त कशाला टेकू देऊ नका.

आणि हेडफोन कानाला लावण्याआधी व्हॉल्यूम खाली. दर वेळी. रेझोनन्स (फिल्टर कापतो त्या जागेजवळचे सूर उठवणारा नॉब) वाढलेला असताना सिंथ अचानक अशी शिट्टी मारतो की कान दुखावतात, आणि कानाचं नुकसान भरून येत नाही.

पायरी 5: पहिला आवाज

आता खरं काम. मेनूत 'इनिट' नावाचा कोरा पॅच शोधा. एकच ऑसिलेटर ठेवा, लहर 'सॉ' म्हणजे करवती, फिल्टर पूर्ण उघडा, रेझोनन्स शून्य. खालच्या सप्तकातला एक सूर धरून ठेवा. एक हात अडकून राहू नये म्हणून 'होल्ड' बटण असेल तर ते लावा. या सुराला सा म्हणू.

कटऑफ पूर्ण बंद करा. आवाज जवळजवळ नाहीसा होईल. रेझोनन्स पाऊणपर्यंत वाढवा. आणि कटऑफ अगदी सावकाश उघडा, जेमतेम केसाएवढा एका वेळी. एकाच धरलेल्या सुरातून एकेक स्वर वर यायला लागेल: आधी सा, मग वरचा सा, त्याच्या वरचा पंचम, मग पुन्हा सा, आणि त्यानंतर गंधार. तानपुऱ्यात जो स्वयंभू गंधार ऐकायला गुरुजी सांगतात, तोच हा. करवती लहरीत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे वरचे सूर भरलेले असतात. फिल्टर ते जन्माला घालत नाही, फक्त त्यातल्या एकेकावर बोट ठेवतो.

आता लहर बदलून 'स्क्वेअर' करा आणि हेच पुन्हा करा. सा नंतर वरचा सा येतच नाही, थेट पंचम, मग गंधार. स्क्वेअरमध्ये फक्त विषम पटीतले सूर असतात, म्हणून तिचा आवाज पोकळ वाटतो. हा फरक एकदा कानात बसला की कुठलाही सिंथ ऐकून 'ही सॉ आहे, ही स्क्वेअर' असं सांगता येतं. हा एकच प्रयोग मी प्रत्येक नवशिक्याकडून आधी करून घेतो. बाकीची थिअरी नंतर आपोआप पचते.

त्या गंधाराची गंमत अजून संपलेली नाही. कीबोर्डवरची गंधाराची पट्टी दाबून त्याच्याशी ताडून पाहा. पट्टीचा गंधार किंचित चढा लागेल, साधारण 14 सेंटने. समान अंतराच्या बारा पट्ट्यांचा तो हिशेब आहे. मोनोलॉगसारख्या सिंथवर स्वतःचं सप्तक भरताना गंधार तेवढा उतरवून ठेवा आणि खाली सा धरून भूप वाजवा. फरक सांगावा लागत नाही.

पुढे दुसरा ऑसिलेटर चालू करा. दोन्ही एकाच सुरात ठेवून दुसरा केसभर सरकवा. एक 440 हर्ट्झला आणि दुसरा 441 ला असेल तर आवाजात सेकंदाला एक हेलकावा येतो. तेवढ्यानेच आवाज रुंद होतो. आता दुसरा पूर्ण एक सप्तक खाली उतरवा: खर्ज-नर रीडची पेटी जशी भरदार बोलते, तसा भरदारपणा येईल.

मग एन्व्हलप. त्यात अटॅक म्हणजे सूर चढायला लागणारा वेळ, डिके म्हणजे नंतर उतरायचा वेळ, सस्टेन म्हणजे पट्टी धरलेली असताना टिकणारी पातळी, आणि रिलीज म्हणजे पट्टी सोडल्यावर विरायचा वेळ. अटॅक शून्य, सस्टेन शून्य, डिके छोटा: छेडलेल्या तारेसारखा टणत्कार. अटॅक जवळजवळ सेकंदभर, सस्टेन पूर्ण, रिलीज लांब: गजाने ओढल्यासारखा सूर. या दोन टोकांच्या मध्ये सगळा मुलूख आहे, तो स्वतः फिरून पाहा. एलएफओ म्हणजे आपल्या वतीने नॉब हलवत राहणारा संथ ऑसिलेटर. सेकंदाला पाच-सहा वेळा सुरावर लावला तर कंप येतो. कटऑफवर अगदी हळू लावला तर ड्रोन, म्हणजे अखंड धरलेला सूर, श्वास घेतो.

'ग्लाइड' किंवा 'पोर्टामेंटो' एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेतो. ही मींड नाही, कारण मींडेत गायक वाटेत कुठे रेंगाळायचं ते ठरवतो आणि ग्लाइड एकाच चालीने जातो. तरी तिच्यातून काम काढता येतं. मुंबईच्या चित्रपट-संगीतात वादक असलेल्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलंडच्या टीबी-303 (बेस), टीआर-808 (ड्रम) आणि ज्युपिटर-8 (सिंथ) या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित केले. टीबी-303 चा स्लाइड त्यात स्वर असा जोडत जातो की यंत्र जपानी आहे हे विसरायला होतं. ते ऐका, आणि मग पिच बेंडच्या चाकावर हात बसवायला लागा. मींडेच्या जास्त जवळ तुमचा हातच पोचेल.

पायरी 6: सिक्वेन्सर आणि ताल

सिक्वेन्सर म्हणजे भरून ठेवलेले सूर आपोआप क्रमाने वाजवणारा भाग. बहुतेक सिक्वेन्सरांना 16 घरं असतात. तीनतालाच्या 16 मात्रा त्यात नेमक्या बसतात. झपताल हवा तर शेवटचं घर 10 वर आणा, रूपकासाठी 7 वर. सिक्वेन्सरचं एक घर सहसा पाव मात्रेएवढं धरलेलं असतं, त्यामुळे आवर्तन भलतंच पळतं. सेटिंगमध्ये 'स्टेप रेझोल्यूशन' मिळालं तर एक घर म्हणजे एक बीट असं करून घ्या. समेच्या घरावर कटऑफ थोडा जास्त उघडून ठेवला की सम वेगळी वाजवावी लागत नाही.

पायरी 7: पहिलं पेडल

पहिलं पेडल डिले घ्या. रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनातल्यासारखा घुमणारा परिणाम, नंतर. रिव्हर्बमुळे कुठलाही आवाज लगेच छान वाटतो आणि त्यामुळेच सुरुवातीला तो घातक आहे, कारण पॅच कच्चा आहे हे कळतच नाही. डिले लय शिकवतो.

डिलेचा वेळ असा काढा: 60,000 ला मिनिटाच्या मात्रांनी भागा. मिनिटाला 80 मात्रा असतील तर 750 मिलिसेकंद, 120 असतील तर 500. त्याच्या पाऊणपट वेळ ठेवला, म्हणजे 120 ला 375, की साधे चार सूरही एकमेकांत गुंफल्यासारखे वाजतात. फीडबॅक म्हणजे किती वेळा परत यायचं ते. तो पूर्ण चढवला तर बऱ्याच पेडलांवर आवाज वाढतच जातो, म्हणून पायाजवळ नव्हे, हाताजवळ पेडल ठेवा. सिंथवाल्याला पाय मोकळे नसले तरी चालतात, पण डिलेचे नॉब हातात हवेत. आवाज वाजत असताना वेळेचा नॉब फिरवला की ॲनालॉग किंवा टेपच्या धर्तीच्या डिलेमध्ये सूर वर-खाली वाकतो. तेही एक वाद्यच आहे.

पुढे पेडलं वाढली तर नेहमीचा क्रम डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारं), कोरस किंवा फेझर (आवाज हेलकावणारं), डिले, रिव्हर्ब. डिस्टॉर्शनमध्ये एकेरी सूर सोडा. तीन-चार सूर एकदम घातले तर नुसता चिखल होतो. हा क्रम पाठ झाला की मुद्दाम मोडा. रिव्हर्ब आधी आणि डिस्टॉर्शन नंतर लावून एकदा तरी ऐकाच. साध्या पेडलांना मेमरी नसते, तेव्हा आवडलेल्या जागेचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच नावाने सिंथमधला पॅच सेव्ह करा.

पायरी 8: दोन यंत्रं एका लयीत

दुसरं यंत्र कधीतरी येईलच, म्हणून थोडक्यात. 1983 मध्ये मिडी आला आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. मिडीतून आवाज जात नाही, फक्त सूचना जातात: कुठली पट्टी, किती जोरात, कधी. आवाजाची केबल वेगळी लागतेच. नव्या छोट्या यंत्रांवर गोल पाच पिनांऐवजी हेडफोनसारखा मिडी जॅक असतो, आणि त्याचे ए व बी असे दोन प्रकार आहेत. 2018 पासून ए हा प्रमाण ठरला, तरी जुन्या यंत्राला बी लागू शकतो. जोडूनही काही वाजत नसेल तर आधी हाच संशय घ्या, मग चॅनेल तपासा. आणि लय देणारं यंत्र एकच ठेवा. बाकीच्यांचं क्लॉक 'एक्स्टर्नल' वर करा.

पावसाळ्यात

कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबरची दमट हवा जॅक आणि नॉब यांच्या आतल्या धातूवर थर चढवते, मग खरखर सुरू होते. यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते. सुती कापड झाका, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या ओलावल्या की बदला. आठवड्यातून एकदा तरी यंत्र चालू करून सगळे नॉब टोकापर्यंत फिरवा. महिनाभर वाजवणार नसाल तर आतल्या बॅटऱ्या काढून ठेवा. पाझरलेली बॅटरी खालची पट्टी खाऊन टाकते. ॲनालॉग सिंथ थंडीत सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, नंतरच ट्यूनिंग करा, आणि गायकासोबत बसणार असाल तर त्याची काळी चार की पांढरी पाच ते विचारून ट्रान्सपोज आधीच लावून घ्या.